फिरता पाळणा, जागचा परवाना



या व्यासपीठावर पाणी, शेती, शिक्षण, संतसाहित्य असे भारदस्त विषय होत आले आहेत. मी आज पाळणेवाल्यांविषयी बोलणार आहे. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, ते माघातली यात्रा कधी चुकवत नसत असं त्यांच्या घरच्यांकडून कळलं, म्हणून धीर आला.

खानदेशात पाळणेवाल्याचं पंचांग वेगळं असतं. मार्गशीर्ष पौर्णिमेला सारंगखेडा: तापीचा काठ, एकमुखी दत्ताची यात्रा, घोड्यांचा बाजार. माघी पौर्णिमेला आपल्या शिरपूरचा खंडेराव. महाशिवरात्रीला तापी-पांझरेच्या संगमावरचं मुडावद. होळीच्या आधीचा आठवडा सातपुड्याच्या पायथ्याशी, भोंगऱ्याच्या बाजारांत. चैत्रात धुळ्याची एकवीरादेवी, वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेसाठी बोरी नदीचं पात्र. मग पहिला पाऊस पडतो आणि लोखंड ताडपत्रीखाली जातं. वर्षाची भाकरी या सहा-सात महिन्यांत कमवायची, आणि त्यातलेही खरे धंद्याचे दिवस मोजकेच.

आकाशपाळणा उभा राहताना पाहिलाय का कुणी? आपण सगळे तो फिरताना पाहतो. तो ट्रकमधून सुटा येतो. आधी जमीन बघतात. उतार असेल तर खालच्या अंगाला लाकडी ओंडके सारतात आणि पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं पातळी जुळवतात. त्या ओंडक्यांवर दोन बाजूंच्या लोखंडी कैच्या, कैच्यांच्या माथ्यावर बेअरिंगात बसवलेला आस, आसाला आरे, आऱ्यांच्या टोकांना डोल्या. प्रत्येक जोडात एक जाड पिन आणि ती पिन सरकू नये म्हणून तिच्यात आडवी घातलेली करंगळीएवढी खीळ. सगळ्या पाळण्याची किंमत काही लाख, या खिळेची काही रुपये, पण माणसांचा जीव असतो तो या खिळेवर. मग गिऱ्हाईक बसवणं. तरबेज माणूस एक डोली भरली की लगेच तिच्यासमोरची भरतो, म्हणजे दोन्ही बाजूंचा भार तोलला जातो. नवखा पोरगा ओळीनं भरत सुटतो, चाक एका अंगाला जड होतं आणि मोटार दमते. ही अक्कल कुठल्याच दाखल्यावर लिहिलेली नसते.

उभारणी एका रात्रीत होते, कागद मात्र रात्रीत होत नाहीत. जागेसाठी नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत, तिथला लिलाव. पोलिसांची ना हरकत, बंदोबस्ताची फी. तहसीलचा परवाना. विजेच्या तात्पुरत्या जोडणीसाठी महावितरण आणि वीज निरीक्षकाचा दाखला. यंत्र ठीक असल्याचा अभियंत्याचा दाखला. आगीची व्यवस्था, विमा. यातला एकही कागद बिनडोकपणे मागितलेला नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. दुखणं वेगळं आहे. हे कागद जागेला चिकटलेले असतात आणि धंदा फिरता असतो. गाव बदललं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एक हिशेब मांडू. आकडे माझे आहेत, समजण्यापुरते घेतलेले. समजा, एका मुक्कामाला परवानगी, दाखले, हेलपाटे आणि हाताखालून जाणारं जे काही असेल ते, असं सगळं धरून पंधरा हजार लागतात. पंधरा दिवसांच्या यात्रेत हा खर्च दिवसाला हजार रुपये पडतो. परवडतो. आता हाच पाळणा भोंगऱ्याला नेला. भोंगऱ्या बाजार म्हणजे त्या त्या गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी भरणारा एक दिवसाचा उत्सव. आज बोराडी, उद्या सांगवी, परवा आणखी कुठलं गाव. पावरा-बारेला समाजाची सगळी तरुणाई त्या एका दिवशी बाजारात उतरते: ढोल, चांदीचे दागिने, गूळ-फुटाणे, आणि पाळण्यापुढे रांग. तिथे तेच पंधरा हजार एका दिवसाच्या गल्ल्यावर बसतात. तिकीट तीस रुपये धरलं तर नुसत्या कागदासाठी पाचशे माणसं फिरवायची. डिझेल, मजुरी, ट्रकभाडं त्यानंतर. साहजिकच काय होतं? मोठी यात्रा कागदावर होते आणि भोंगऱ्या बिनकागदी. तिथे पाळणा लागतो, पण त्याला कोणी अभियंता बघत नाही. एका दिवसाच्या बाजाराला पंधरा दिवसांच्या यात्रेइतकेच सोपस्कार लावले, की जिथे तपासणीची सगळ्यात जास्त गरज तिथेच ती होत नाही. रात्री घाईनं जोडलेला, दुसऱ्या रात्री घाईनं सोडलेला, तिसऱ्या गावी पुन्हा जोडलेला पाळणा तिथलाच असतो.

इथल्याच एका पाळणेवाल्याशी बोलत होतो. तो अहिराणीत एवढंच म्हणाला, ''भाऊ, आते परवडत नही.'' काय परवडत नाही, डिझेल की कागद, असं विचारलं. तो म्हणाला, डिझेलचा दर पंपावर लिहिलेला असतो. कागदाचा दर कुठे लिहिलाय?

डिझेलचंही बघू. 2014 च्या ऑक्टोबरात डिझेलचा दर सरकारी नियंत्रणातून सुटला. 2025 मध्ये तो लिटरला नव्वदीच्या घरात होता. ट्रक डिझेलवर, जनरेटर डिझेलवर. जनरेटर का, तर तात्पुरत्या जोडणीची अनामत आणि धावपळ चार दिवसांच्या मुक्कामाला झेपत नाही, आणि नदीपात्रात खांबापासून तार ओढायची तर तो वेगळा खर्च. सार्वजनिक गणेश मंडळाला सवलतीच्या दरानं तात्पुरती वीज मिळते आणि मिळायलाच हवी. मंडळांनी अधिकृत जोडणी घ्यावी म्हणून महावितरण दरवर्षी आवाहन करतं. देवाच्या यात्रेतला पाळणा मात्र व्यापारी वापरात मोडतो. खंडेरावाच्या दारात उभं राहून हे ऐकायला जरा गंमत वाटते.

करांकडे वळतो. थोडं किचकट आहे, पण ऐका. 1923 च्या मुंबई करमणूक शुल्क कायद्यापासून आपल्याकडे करमणुकीवर वेगळा कर होता. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि तो राज्याचा कर त्यात विरघळला. सुरुवातीला पाळणे, झोके, वॉटर पार्क, गो-कार्ट या सगळ्यांना 28 टक्के लावले होते. जानेवारी 2018 मध्ये ते 18 वर आणले. त्याच वेळी सर्कस, नाटक, नाच यांच्या तिकिटावरची करमाफी अडीचशेवरून पाचशे रुपयांपर्यंत वाढवली. चांगलं झालं, तंबूतल्या तमाशाला त्याचा आधार आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या सिनेमाच्या तिकिटावरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पाळणा तिथेच राहिला, 18 वर. कायद्याच्या वहीत यात्रेतला तीस रुपयांचा पाळणा आणि खोपोलीजवळचं इमॅजिका एकाच ओळीत बसतात. कुणी म्हणेल, वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असेल तर नोंदणीच लागत नाही, मग तक्रार कसली? खरं आहे, पण ते महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात. आपलं शिरपूर मुंबई-आग्रा रस्त्यावर, पळासनेर ओलांडलं की मध्य प्रदेश. सेंधवा आपल्याला जळगावपेक्षा जवळ. तिकडचा भगोरिया म्हणजे आपला भोंगऱ्याच, माणसंही तीच, नातीगोतीही दोन्हीकडे. पण पाळणा सीमेपलीकडे नेला की मालक तिथला 'प्रासंगिक करदाता' होतो. त्याला वीस लाखांची सवलत नाही. निदान पाच दिवस आधी नोंदणी करायची, आणि अंदाजे धंद्यावरचा कर आगाऊ भरायचा. पाऊस आला, बाजार बसला, तर ते पैसे परत मिळवायला अर्ज. पाळण्यावर गल्ला मोजणाऱ्या माणसानं हे करावं अशी अपेक्षा आहे. तो अर्थातच करत नाही, आणि कोणी विचारलं की जे करायचं ते करतो.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही.

25 मे 2024 ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागली, 27 माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. अग्निशमन दलाचं ना हरकत प्रमाणपत्र नसताना ती जागा चालली होती. 2019 च्या जुलैत अहमदाबादला कांकरिया तलावाकाठचा झोका लोकांसकट तुटून खाली आला. 2022 च्या सप्टेंबरात मोहालीच्या दसरा मैदानावरच्या मेळ्यात उंच जाणारा झोका वरून कोसळला. पहिल्या दोन जागा कायमच्या होत्या, तिसरा फिरता मेळा. म्हणजे आमच्या पाळणेवाल्यांनी 'आमच्याकडे कधी काही होत नाही' म्हणू नये. होतं. आणि जेव्हा होतं, तेव्हा तिकीट काढलेली आई आणि तिची पोरं पडतात. मालक खालीच उभा असतो.

राजकोटनंतर गुजरातनं पाळण्यांसाठी कडक नियम केले. 2024 च्या जन्माष्टमीला राजकोटच्या लोकमेळ्यात पाळण्याखाली सिमेंट-काँक्रीटचा पाया हवा, या अटीवरून पाळणेवाले आणि प्रशासन यांच्यात मोठी ओढाताण झाली. शेवटी पावसानंच मेळा आवरायला लावला. पाळणेवाल्यांचं म्हणणं होतं की पाच दिवसांसाठी काँक्रीट ओतायचं, ते पिकायला दिवस द्यायचे, आणि मग मैदान पूर्ववत करून द्यायचं, हे कुणाच्या खिशातून? प्रशासनाचं म्हणणं होतं की तीनच महिन्यांपूर्वी इतकी माणसं जळून गेलीत, आम्ही सही कशी करायची? मला विचाराल तर दोघंही बरोबर होते. गेम झोन चालवणाऱ्यांच्या कर्माची भरपाई जत्रेतल्या माणसाकडून झाली, हे मात्र त्यात दिसतंच.

पायाची अट आपल्यासाठी फार खरी आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. खानदेशाची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. माघात वरून टणक दिसणारी जमीन आत पोकळ असू शकते. नदीपात्रातल्या यात्रांत तर खाली वाळूच. पाण्याची नळी लावून पातळी जुळवली, तरी रात्रभर पाळणा फिरल्यावर ओंडका एका बाजूला दोन बोटं खचतो, आणि वरच्या आसावर तो ताण पडतो. अनुभवी मालक मध्यरात्री बॅटरी घेऊन ओंडके पाहत फिरतो ते याचसाठी. नवखा पाहत नाही. तेव्हा पाया हवा हे कबूल. प्रश्न तो कोणी घालायचा हा आहे.

याचं उत्तर मला जर्मनीत दिसतं. त्यांच्या बांधकाम कायद्यात यात्रेतल्या पाळण्यांना, तंबूंना 'उडत्या इमारती' म्हणतात. दरवेळी मोडून नव्या जागी उभ्या राहणाऱ्या. अशा प्रत्येक यंत्राची एक परीक्षा-वही असते. यंत्राची रचना, ताकद, जोड यांची सखोल तपासणी होऊन मंजुरी मिळते, ती जास्तीत जास्त पाच वर्षांची, आणि ती त्या वहीत नोंदवलेली असते. यंत्र म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये जावो की एखाद्या खेड्यात, वही सोबत जाते. नव्या गावचा बांधकाम अधिकारी ती पुन्हा पहिल्यापासून तपासत नाही. तो फक्त या ठिकाणची उभारणी बघतो: जमीन, आधार, जोड, पिना. दोन प्रश्न त्यांनी वेगळे केले. यंत्र चांगलं आहे का, हे एकदा. इथे नीट उभं आहे का, हे दरवेळी.

आपल्याकडे हे दोन्ही एकाच कागदात कोंबलेत, म्हणून दोन्ही नीट होत नाहीत. धुळ्याला मिळालेल्या दाखल्यात पाळण्याच्या आसाबद्दल काय पाहिलं, हे चोपड्याच्या साहेबाला कळायचा मार्ग नाही. म्हणून तो नवा दाखला मागतो, आणि तोही बहुधा न पाहताच लिहून आलेला असतो. जिल्ह्यानं एक वही सुरू केली, दर हंगामाआधी दसऱ्याच्या सुमारास यंत्र सुटं असतानाच एकदा कसून पाहिलं, क्षकिरण लावून जोड पाहिले, तर पुढच्या प्रत्येक गावी अर्ध्या तासाची पाहणी पुरेल. ती अर्ध्या तासाची पाहणी भोंगऱ्यालाही होऊ शकेल.

आणि पाया. आपल्या तालुक्याला काँक्रीट नवं नाही. 2004 पासून इथे नाल्यांवर बंधारे बांधले गेले, 'शिरपूर पॅटर्न' म्हणून लोक बघायला आले. सुरेश खानापूरकर यांचं भूजलाचं गणित आणि अमरीशभाई पटेल यांनी उभं केलेलं पाठबळ, अशी ती गोष्ट. त्या मानानं यात्रेच्या मैदानात चार-सहा पक्के ओटे घालणं काहीच नाही. जमिनीच्या पातळीत, वर माती टाकली तर वर्षभर तिथे क्रिकेट खेळावं, माघात माती सारली की पाळणा त्यावर. ओट्यात नटबोल्टसाठी आधीच घातलेल्या नळ्या. पाळणेवाल्यानं आकार सांगायचा, अभियंत्यानं एकदा आखायचं. हा खर्च एकदाचा आहे, दरवर्षीचा नाही.

तो कोणी करायचा, हेही सांगतो. जागेचा लिलाव जो करतो त्यानं. यात्रेत पाळण्याच्या जागेची बोली गेल्या काही वर्षांत कुठे पोचलीय, हे इथल्या कुणालाही विचारा. तो पैसा नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा. जीएसटीसाठीच्या घटनादुरुस्तीनंही करमणुकीवर कर बसवण्याचा अधिकार पंचायत आणि नगरपालिका यांच्याच हाती ठेवला आहे. जीएसटीनं राज्याचा काढला, त्यांचा राखला. जागा विकायची, बोली घ्यायची, आणि सुरक्षेचा भार मात्र बोली देणाऱ्यावर टाकून द्यायचा, हा व्यवहार मला पटत नाही. बोलीतली एक वाटणी पाया, विजेचे खांब आणि अग्निशमनाच्या गाडीसाठी बाजूला काढली, तर पाळणेवाल्याच्या खर्चातले तीन मोठे आकडे कमी होतील.

सगळ्या नियमांबद्दल मात्र माझी तक्रार नाही. सर्कस आपल्याच विष्णुपंत छत्र्यांनी 1880 साली उभी केली. पुढे वाघ-अस्वलांवर 1998 च्या अधिसूचनेनं बंदी आली आणि सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये ती उचलून धरली. 2011 मध्ये लहान मुलांना सर्कशीत ठेवायला बंदी झाली. तंबू रिकामे झाले, हे खरं. तरी ती दोन्ही बंधनं मला मान्य आहेत. चाबकाखालच्या जनावरापासून आणि गावापासून तोडलेल्या पोरापासून मिळणारं मनोरंजन परवडत नसेल तर न परवडो. आपण चर्चा करतोय ती जीव वाचवण्याच्या नियमाची नाही, तो नियम कुणाच्या गळ्यात कसा अडकवला जातो याची.

तमाशाचं उदाहरण त्यासाठीच घेतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. वर्षातले पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस जिल्ह्यात गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या यांत संपतात. यात्रेच्या वाट्याला क्वचितच काही येतं. आता तमाशाचं वेळापत्रक आठवा. शेतातलं काम, बाजार, जेवण आटोपून लोक तंबूत नऊ-साडेनऊला बसायचे. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग. वग सुरू व्हायच्या आतच आता दहा वाजतात. फड दसऱ्याला निघतो, त्याआधी कलावंतांना उचल दिलेली असते, ट्रक असतात, जनरेटर असतो. या सगळ्याचा खर्च तेवढाच आणि खेळ अर्धा. फडमालकानं काय केलं? वग कापला, गाणी वाढवली. नियमानं आवाज कमी व्हायला हवा होता. झालं असं, की ज्या भागाला आवाज कमी लागतो तोच भाग गेला आणि ज्याला ध्वनिवर्धकाशिवाय चालत नाही तो उरला. मुंबईच्या 1960 सालच्या परवाना-नियमांच्या नावात कॅबरे, मेळे आणि तमाशे शेजारी शेजारी बसवले आहेत. ज्यानं ते नाव ठरवलं त्यानं भाऊ-बापू नारायणगावकरांचा एकही वग पाहिला नसावा.

तंबूतल्या सिनेमाबद्दल थोडक्यात, कारण तो आता आपल्यात फारसा उरलाच नाही. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या फिरत्या सिनेमावाल्यांवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला, 2016 ला तो कान महोत्सवात गेला. त्यात दिसतं की फिरत्या सिनेमाला कायद्यानं मारलं नाही. फिल्मच्या रिळांच्या जागी डिजिटल यंत्र आलं, आणि त्याची किंमत तंबूच्या गल्ल्यातून निघेना. तिथे कोणाला दोष द्यायचा? कोणालाच नाही. म्हणूनच पाळण्याकडे बघताना मी वेगळा हिशेब मागतो. पाळण्याला मोबाइलनं मागे टाकलेलं नाही. त्यापुढची रांग अजून तेवढीच आहे, बोराडीलाही आणि शिरपूरलाही. मागणी असलेला धंदा फक्त फिरता आहे म्हणून बुडावा, याला तंत्रज्ञानाचा निरुपाय म्हणता येणार नाही.

करता येण्यासारखं बरंच आपल्या हातात आहे, त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. 26 जानेवारीच्या ग्रामसभा माघी पौर्णिमेच्या जवळपास येतात, भोंगऱ्याच्या तर बऱ्याच आधी. ज्या गावांत बाजार किंवा यात्रा भरते तिथे मैदानाच्या ओट्यांचा विषय त्या ग्रामसभेच्या पत्रिकेवर घ्या. शिरपूर-वरवाडे नगरपरिषदेनं पाळण्याच्या जागेच्या लिलावाच्या अटींतच पाहणीचा अभियंता आपण देऊ, असं एक वाक्य घालावं. त्याची फी बोलीत धरा, वेगळी नको. आणि यंत्राच्या वहीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं, तर पाळणेवाल्यांनी एकेकट्यानं जाऊ नये. धुळे, जळगाव, नंदुरबार मिळून त्यांची एक यादी तरी आधी करावी. मालक किती, पाळणे किती, कुठल्या सालचे, हे आज कोणालाच सांगता येत नाही, आणि ज्याची यादी नाही त्याच्यासाठी नियमही कधी नीट होत नाही. यादीचं काम इथल्या कॉलेजातल्या मुलांनी या माघात सुरू करायचं ठरवलं, तर मैदानात जायला मी त्यांच्याबरोबर आहे.